सातवा प्रश्न

अंबडच्या प्लान्टात, कॅन्टीनच्या मागे,
जिथे मोडके जिग टाकायचे
तिथे आता आठ टॅब्लेट, आठ खुर्च्या, एक एसी.
दारावर कागद: बारा धडे, महिनाअखेरपर्यंत,
नाहीतर इन्सेन्टिव्ह विसरा.

चौथा धडा मी अकरा वेळा पाहिला.
मायक्रोमीटरचा.
पाथर्डी फाट्याच्या खोलीत, मुलगी झोपल्यावर,
आवाज बारीक करून.
अकराव्यांदाही ती बाई तितक्याच शांतपणे म्हणाली,
"आता रॅचेट तीनदा फिरवा."
बागूल मास्तरांना दुसऱ्यांदा विचारलं
तर ते माझ्या हातातून मायक्रोमीटर काढून घ्यायचे.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मास्तर म्हणजे टूलरूम.
चिपचा निळा रंग बघून सांगतात, इन्सर्ट गेली.
कान देऊन सांगतात, बेअरिंग अजून आठवडा काढेल.
व्हिडिओतलं मशीन कसं, आंघोळ केल्यासारखं.
कूलंटचा तो आंबूस वास नाही त्याला,
ओढणीला धरून घरापर्यंत येणारा.

आज ते माझ्या शेजारच्या खुर्चीत.
चष्मा कपाळावर.
बोट टेकवतात, स्क्रीन दाद देत नाही.
पॅन्टला पुसून पुन्हा टेकवतात.
बर घासून घासून त्या बोटांवर रेषा उरल्या नाहीत,
हजेरीचं यंत्रसुद्धा त्यांना रोज दोनदा नाकारतं.
"हर्षाली, तू दाब गं. मी सांगतो."

एक, बरोबर. दोन, बरोबर.
सहापर्यंत मला प्रश्न पुरता वाचूही दिला नाही.

सातवा:
मशीन चालू असताना चिप हाताने काढावी का?
हो. नाही.

मास्तर गप्प.
टेबलावर डावा हात,
अनामिका पहिल्या पेरापाशीच संपलेली.
ते बोट आम्ही सगळे रोज बघतो
आणि बघून न बघितल्यासारखं करतो.
स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंद उतरत होते.
"ब्याण्णवची दिवाळी," ते म्हणाले.
"सातपूरला होतो. माल निघायचा होता.
शिकवायला कुणी नव्हतं, ओरडायला तिघं."

मी दाबलं. नाही.
हिरवी खूण, बारीकशी घंटी,
अभिनंदन, बागूल!

ते नाकातून हसले. चष्मा खाली घेतला.
"तो मायक्रोमीटरचा धडा लाव जरा.
बघू, त्या बाईचं कुठे चुकतंय."

पूर्ण बघितला. काहीच बोलले नाहीत.
मीही काही न विचारता
तो पुन्हा पहिल्यापासून लावला.