अडतीस मिनिटं

खेळ अडतीस मिनिटांत संपतो.
करायला आम्हाला दोन वर्षं सात महिने लागले.
ही तक्रार नाही. सातपूरला
व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी तपासणीला आहे,
एक व्हॉल्व्ह नापास करायला चार सेकंद पुरतात:
लाल ठिपका, आणि पुढचा.

खेळाचं नाव 'डावी'.
रामकुंडावर हरवलेली डावी चप्पल म्हणजे तुम्ही.
उजवी शोधायची. एवढंच.
घाटावरून फटक फटक जायचं,
बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुड्यांखाली लपायचं,
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागायच्या आत
दिसेल त्या उजवीला विचारायचं, तू माझी का?
कोल्हापुरी तोंड फिरवते.
क्रॉक्स म्हणते, आमच्यात डावं-उजवं मानत नाहीत.
इथे लोक हसतील, असा आमचा अंदाज होता.

चित्रं ओजस्विनी खैरनारची.
आवाज मुश्ताक कोकणीचे. सिडकोतल्या गच्चीवर
बादलीत एकच चप्पल बुडवून बुडवून
ऐन डिसेंबरात त्याने सर्दी ओढवून घेतली.

मग परीक्षणं आली.

पहिलं पोलंडहून. दहापैकी सहा.
यंत्राने मराठी करून दिलं:
'विनोद एकच आहे, पण चालतो.'
ओजस्विनी दिवसभर विचारात.
चालतो म्हणजे बरा आहे,
की चपलेचा आहे म्हणून चालतो?

दुसरा म्हणाला, फार छोटा.
तिसरा म्हणाला, अडतीस मिनिटंही जास्त.
या दोघांना एका टेबलावर बसवून
मिसळ खाऊ घालायची मुश्ताकची इच्छा आहे.
एकाला जादा पाव. दुसऱ्याला नुसता रस्सा.

एका भारदस्त मासिकाने लिहिलं,
ही विस्थापनाची रूपककथा आहे.
आम्ही तिघांनी तो शब्द मोठ्याने वाचला
आणि माना डोलावल्या,
पाहुणे मुलाचं कौतुक करताना आईबाप डोलावतात तशा,
आतल्या खोलीत त्याने नुकतीच काच फोडलेली असताना.

आणि एकाने खेळ पुरा केला,
शेवटची नावं वर सरकून जाईपर्यंत थांबला,
आणि पैसे परत मागितले.
नियमात बसतं. जेवून, हात धुऊन,
बडीशेप तोंडात टाकून ताट परत करावं तसं,
पण बसतं.

दुसऱ्या दिवशी कामावर
एक व्हॉल्व्ह हातात धरून मी उभा राहिलो.
कुणीतरी ओतलाय हा, कुणीतरी घासलाय.
चाराचे नऊ सेकंद झाले.
पगार साहेब, आडनावच आहे त्यांचं, लांबून ओरडले.
मी ठिपका दिला. व्हॉल्व्ह गळकाच होता.

संध्याकाळी जुन्या सीबीएसपाशी
रंगनाथ आहिरेंकडे फोन दिला.
सदतीस वर्षं चपला शिवतात.
मेण लागलेल्या बोटाने पडदा नीट सरकेना,
तरी संपवला. एकदाही हसले नाहीत.
'अंगठा असा तुटत नाही,' म्हणाले.
'वरून दिसतो तिथून कधीच नाही.
तळातून जातो, खिळ्यापाशी.
आणि त्याआधी आठवडाभर कुरकुरते ती.
तुमची मुकाट तुटली. मुकाट कुणी तुटत नाही.'

मी विचारलं, शेवट?
शेवटी उजवी सापडते,
फुलांच्या टोपल्या वाहणाऱ्या एका पोऱ्याच्या पायात,
शेजारी भलतीच डावी, रंगसुद्धा वेगळा,
आणि दोघी झकास चाललेल्या.
आपली डावी पायरीवरून बघते. पाणी वर येतं.

आहिरेंनी फोन पुसून परत दिला.
'ते बरोबर आहे,' म्हणाले,
आणि गिऱ्हाइकाच्या बुटाकडे वळले.

महिन्याने आम्ही नवी आवृत्ती सोडली.
सुधारणांच्या यादीत एकच ओळ:
अंगठा आता तळातून तुटतो.
कुणी दखल घेतली नाही. सहाचे साडेसहाही झाले नाहीत.
आठवड्याची कुरकुर मुश्ताकने
नऊ सेकंदांत बसवली,
तेव्हा खेळ आता अडतीस मिनिटं नऊ सेकंदांचा आहे.

फार छोटा म्हणणाऱ्या गृहस्थांना
तसं कळवलं आहे.