साठावं मिनिट

अठरा सामने, अठरा गुण.
हिशेब सोपा आहे, म्हणून जास्त बोचतो.
चार जिंकलो, सहा बरोबरीत सोडवले,
उरलेले आठ मला पाठ आहेत
मिनिटांसकट, चुकणाऱ्याच्या नावासकट.
एका गोलाच्या फरकाने
खोर्ली स्पोर्ट्स खालच्या विभागात गेली.
एका गोलाच्या!
म्हापशाच्या बाजारात चण्याच्या पुडीवरसुद्धा
याहून जास्त घासाघीस होते.

मी पायलट. विमानाचा नव्हे,
पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलचा.
गिऱ्हाईक नसलं की आम्ही टाकीवर बाटलीची बुचं मांडतो
आणि सुगतन कोचला फुटबॉल शिकवतो.
पाच बुचं मागे? घरच्या मैदानावर?
पास्कोल म्हणतो, हा माणूस
छताखाली छत्री उघडून जेवत असणार.

आणि रोम्युआल्ड.
अख्ख्या संघात गोलाची दिशा कळणारा एकच पाय,
त्याला दर सामन्यात साठाव्या मिनिटाला बाहेर.
त्याने दोन मारलेले असोत, एकही नसो,
साठ वाजले की बोर्ड वर.
दुलेरच्या जाळीला धरून मी असे शब्द ओरडलोय
की शेजारी बसलेली माझी मुलगी
चार दिवस घरात माझ्याशी बोलली नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी,
एक माणूस स्टँडवर आला.
एका हातात रेक्झिनची बॅग,
दुसऱ्यात सरावाची केशरी बनियनं, धुऊन घडी केलेली.
'थिवी स्टेशन. कितना?'
मी हेल्मेटच्या आत. त्याने ओळखलं नाही.
ओळखणार काय, जाळीमागे आम्हा सगळ्यांना
मिळून एकच तोंड असतं.

करासवाड्यापर्यंत भाषण तयार झालं.
पहिला मुद्दा, पाच बचावपटू.
दुसरा, कॉर्नरला दोघेच का.
तिसऱ्यासाठी आवाज राखून ठेवला होता,
पण गतिरोधकाशी गाडी मंदावली
आणि तोच आधी बाहेर पडला:
'रोम्युआल्डला का काढायचात?'

बराच वेळ काही नाही.
वाटलं, प्रश्न वाऱ्यात उडाला.
मग आपल्या केरळी हिंदीत,
दुसऱ्याच्या घरातलं सांगावं तसं हळू, तो म्हणाला,
कळंगुटच्या हॉटेलात साडेसहाची ड्यूटी आहे त्याची.
क्लबचा पगार डिसेंबरपासून नाही.
साडेपाचची बस चुकली की दिवस कापतात.
'किसी को मत बोलना, बोला था. स्ट्रायकर है ना.'
आणि तुमचा पगार?
'मेरा भी डिसेंबर से नहीं,' तो हसला.
'गाली टाइम पे मिला.'

स्टेशनवर त्याने पूर्ण भाडं दिलं. मी घेतलं.
घ्यायला नको होतं की काय, अजून ठरत नाही.
बनियनांची पिशवी हँडलला तशीच लटकलेली.
धावत फलाटावर गेलो तर म्हणाला,
क्लबची आहेत, माळ्याकडे दे.

परतल्यावर पास्कोलने विचारलं, 'सुनावलंस?'
'सगळं,' मी म्हटलं.

आता रात्री बुचांशिवाय हिशेब मांडतो.
दुलेर ते कळंगुट, थांबे धरून बसने पाऊण तास.
माझ्या गाडीवर अठरा मिनिटं,
पर्राला गर्दी असली तर वीस.
म्हणजे पंचवीस मिनिटं अजून खेळला असता तो.
नुसते दुलेरचे नऊ सामने धरले तरी
नऊ गुणिले पंचवीस.
आणि हवा होता एक गोल.
दर रविवारी मोटरसायकल गेटपासून
चाळीस पावलांवर लावून
मी आत त्या माणसाची आई काढत होतो.

ऑक्टोबरात खालचा विभाग सुरू होईल.
रोम्युआल्डला सांगून ठेवलंय,
पंच्याऐंशीपर्यंत थांब, इंजिन चालू ठेवतो,
बूट मागे बसून सोड.
नवा कोच कोण, माहीत नाही.

पाच बचावपटूंचं मात्र, सुगतनसाहेब,
चुकलंच तुमचं.