फट

मोशोनमाग्यारोवारमध्ये म्हणे
बेकऱ्यांपेक्षा दातांचे दवाखाने जास्त.
सकाळी सव्वाआठला व्हिएन्नाची बस येते,
गाल धरलेली माणसं उतरतात,
निम्म्या पैशात पुन्हा चावता यावं म्हणून.

मी त्यांना बघत नाही.
मी मागच्या खोलीत.
माझ्याकडे येतात ती नुसती तोंडं,
प्लास्टरची, उघडी,
बुडाशी पेन्सिलीनं नाव
आणि नावाखाली रंग: ए-तीन, बी-दोन.
अठ्ठावीस वर्षं झाली.
कोण झोपेत दात खातं,
कोण एकाच बाजूनं चावतं,
कुणी जन्मभर पाइप धरलाय डाव्या सुळ्यात,
मला ठाऊक असतं.
डोळ्यांचा रंग विचारू नका.

फेब्रुवारीत ओटमार प्रुक्नर बर्फावर घसरला.
वय एकाहत्तर. वरचे समोरचे दोन दात गेले,
शेजारच्याचा कोपरा उडाला.
डॉक्टर तिमेआनं कागदावर काढून दाखवलं
(ती चित्रं फार वाईट काढते):

शेजारच्याला टोपी, तो वाचेल.
दोघांच्या जागी जबड्यात स्क्रू,
मग हाडानं त्यांना आपलं म्हणेपर्यंत थांबायचं,
चार महिने, कधी सहा.
नाहीतर पूल: धडधाकट शेजारी तासायचे
आणि गेलेल्यांना त्यांच्या खांद्यावर बसवायचं.
नाहीतर कवळी,
दिवसा तोंडात, रात्री पेल्यात.
आणखी एक उपाय तिनं काढला नाही,
तो लोक न विचारताच करतात:
तोंडावर हात धरून हसणं.

सगळं ऐकून त्यानं विचारलं,
"यातल्या कशानं फुंकता येतं?"

तिमेआच्या कागदावर तो रकाना नव्हता.
म्हणून तिनं त्याला मागं पाठवलं,
आणि कित्येक वर्षांनी माझ्या खोलीत
तोंडासोबत एक माणूसही आला.
रुमालातून त्यानं पितळी मुखनळी काढली.
गावच्या बँडमध्ये फ्लूगलहॉर्न, त्रेपन्न वर्षं.
ओठांना लावली. फुस्स.
त्यालाच हसू आलं, आणि हात तोंडावर गेला.

मग पाकिटातला फोटो: तरुण, मिशीवाला,
समोरच्या दोन दातांत फट,
व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी.
"सूर इथून जायचा," म्हणाला.

फट हा आमच्याकडे दोष.
ती बुजवायचे आम्ही पैसे घेतो.
पुलात तशी फट सहज राहत नाही,
दोन दातांना जोड लागतो.
म्हणजे स्क्रू. म्हणजे थांबणं.
मेमधली मिरवणूक त्यानं
फुटपाथवरून बघितली, ओठ मिटून.

सप्टेंबरात मी दोन दात घडवले.
रंग बी-तीन, कडेला किंचित पिवळट,
कारण एकाहत्तरीला पांढरेशुभ्र दात
उसन्या कोटासारखे दिसतात.
आधी मेणात. मग तोंडात.
पुन्हा फुस्स.
मी फट केसभर वाढवली.
त्यानं वाजवलं. सूर फाटला.
अर्धा केस कमी केली.
तिसऱ्या खेपेला
बाहेर बसलेल्यांची कुजबुज थांबली.
तिमेआ हातात ड्रिल तसंच धरून दारात आली.
मोठा सूर नव्हता. डळमळला,
मग उभा राहिला.

जाताना तो म्हणाला, "तुमचं नाव?"
"इबोया."
पेन्सिल मागून त्यानं ते
स्वतःच्या प्लास्टरच्या तोंडाखाली लिहिलं
आणि ते तोंड माझ्याचकडे ठेवून गेला.

माझी खालची उजवी दाढ
सहा वर्षांपूर्वी गेली.
पर्याय मला पाठ आहेत.
दवाखान्यात सवलतही मिळते.
जीभ रोज रात्री तिथं जाते,
रिकाम्या घराचं कुलूप ओढून बघावं तशी.

त्या रात्री दिवा मालवून मी फुंकून पाहिलं.
काही वाजलं नाही.
मांजरानं मात्र कान वळवला.

सोमवारी तिमेआला विचारीन.
नाहीतर त्याच्या पुढच्या.