दातांत मावेल अशी

जांभळी नाक्यावर गंगरशेठ
काचेवर बॅटऱ्या मांडतो, एकेक.
‘ही मारा, तलावापलीकडचं झाड दिसेल.’
मला तलावापलीकडे काय करायचंय?
मी लिफ्टवाला माणूस.
माझा अंधार हातभर लांब :
दोर, कप्पी, ग्रीसमध्ये बुडालेला एखादा बोल्ट.

दोन्ही हात पान्ह्याला लागतात,
म्हणून बॅटरी दातांत.
‘शेठ, चावून बघू?’
तो हसला, मग शर्टाला पुसून दिली.

एक जाड, जबडा दुखेल.
एक नुसतं लोखंड, दाढेत कळ.
तिसरीचं बटण बुडाशी,
तोंडात धरली की जिभेनंच विझते.

आधीची वसंत विहारला पडली,
सातव्या मजल्यावरून थेट खड्ड्यात.
खालच्या दाराची चावी सेक्रेटरीकडे, तो गावाला.
दुसऱ्या दिवशी उतरलो तर
ती अजून चालू, हळदीच्या बोटाएवढी,
कुणाच्या तरी लहानग्या चपलेवर
उजेड धरून.
चपलेचा बंद तुटलेला नव्हता.
वर पाच मजले विचारत गेलो,
कुणाचीच नव्हती.

ही चौथी. करंगळीएवढी, रबरी कातडीची.
पैसे देण्याआधी पुन्हा चावली,
उजेडात धरून पाहिलं,
दात उमटतात का.

उमटतात.
द्या.