हेल्वीला, दर रविवारी

ऐकू येतंय का? सॉनातून बोलते आहे.
आपल्याकडे बांधतात तशी आधी सॉनाच बांधून घेतली
आणि सध्या तिथेच राहते:
वरच्या फळीवर अंथरूण, खालच्या फळीवर
पाव, नकाशे, वेइकोचा रेडिओ.
केसांना दिवसभर बर्चच्या धुराचा वास.

मेच्या अखेरीला जमीन सुटली
आणि त्याच दिवशी खोदयंत्राला दगड लागला,
गाभण गाईएवढा.
यार्कोने सुरुंगाचे भाव काढले.
तायस्तो दगडावर बसून कॉफी प्यायला, म्हणाला,
हा आधीपासून राहतोय इथे.
घर तीन पावलं पूर्वेला सरकलं.
तुला पाठवलेल्या नकाशात तेवढं खोडून घे.

जूनमध्ये सांगण्यासारखं काही नाही.
मी काँक्रीटला पाणी पाजते, डास मला पितात.
रात्रच होत नाही, तर
दिवसभरात काय झालं ते मोजायचं कुठून कुठवर?

आढं चढलं, हेल्वी!
आढ्याला स्प्रूसचा शेंडा ठोकला,
सहा माणसांना वाटाण्याचं सूप, बिअर, पुन्हा बिअर.
वरून तायस्तो ओरडला, घर कुणाचं?
मी म्हटलं, माझं.
एकसष्टाव्या वर्षी तो शब्द तोंडात
गरम बटाट्यासारखा इकडून तिकडे फिरला.
स्वर्ग दोन बोटं उरला होता.

मागच्या रविवारी फोन उचलला नाही.
त्याचं असं झालं.

खिडक्या आल्या, बसल्या.
मी खुर्ची नेली, कॉफी नेली,
तळ्याकडे तोंड करून बसले,
आणि तळं नाही.
पलीकडचा काठ आहे, आकाश हवं तेवढं आहे,
पण पाणी, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप,
ते चौकटीच्या खाली.
ओट्याशी उभी राहिले, तर खांदे उचलावे लागले.
कोटाच्या खुंटीला हात पुरेना.

तायस्तोने काही न बोलता त्याची टेप लावली.
मग माझी लावली. म्हणजे वेइकोची.

तिचं टोक तुटलेलं आहे, हेल्वी.
पहिले सात सेंटिमीटर नाहीतच.
एकतीस वर्षं तो मनातल्या मनात वजा करत आला
आणि मला कधी बोलला नाही.
किंवा बोलला असेल, माझं दूध उतू जात असेल.
मी फळीवर स्टूल मांडून
डोळे, कोपर, वर केलेला हात,
सगळं त्याच टेपने मापलं होतं.
माझ्या मापाचं घर हवं होतं ना मला.

यार्को म्हणाला, भिंत उघडू. आकडा सांगितला.
आकडा ऐकून माझं रडू थांबलं.
तायस्तोने खुर्चीच्या पायांना ठोकळे जोडले.
आता तळं दिसतं
आणि माझे पाय लोंबतात, शाळेतल्यासारखे.

काल बर्फ पडायला लागलं, म्हणून अंथरूण घरात आणलं.
नव्या भिंती रात्री बोटं मोडतात.
झोप येईना, तेव्हा तुझे कोट आठवले.
दर हिवाळ्यात तुझा जुना कोट माझ्याकडे यायचा
आणि आई बाह्या दुमडायची,
दोन्हीकडे चार बोटं.
उठले, दिवा लावला, चार बोटं मोजली.
सात सेंटिमीटर, केसभर इकडेतिकडे.

म्हणजे बघ, कर्ज माझं, दगड माझा,
आणि घर तुझ्या मापाचं.
याच्या बाह्या कशा दुमडायच्या?

झालं का, झालं का, म्हणून विचारू नकोस.
मागच्या खोलीची पायपट्टी राहिली आहे,
पायरीच्या जागी अजून पेटी आहे.
तू ये. ओट्याशी उभी राहा,
कोट खुंटीला लाव, साध्या खुर्चीत बस,
आणि पाणी कसं दिसतं ते मला सांग.

आणि येताना तुर्कूहून एक टेप आण.
इथली शून्यापासून सुरू होत नाही.