रकाना पहिला

पत्ता: तांडापेठ, निमजेंच्या गिरणीमागे, वरचा मजला.
शेरा: नेट चालत नाही.

गेलो तेव्हा सगळंच चालू होतं.
टीव्ही चालू, कूलर चालू,
शिलाई मशीनशेजारचा तो पेमेंटचा डबा
मध्येच ओरडला, ऐंशी रुपये प्राप्त झाले.
पोरगा म्हणाला, काका, ते सोडा,
हा काहून नाही चालून राहिला ते सांगा.

हा म्हणजे बुधवारी बाजारातून साडेसहाशेला आणलेला
दोन पानांचा खेळ.
उघडला की वही, मिटला की साबणाची डबी.
बिजागरीला काळी टेप.
घरचं नेट त्याला दिसत होतं,
सिग्नलच्या काड्या भरलेल्या,
आणि खाली एक ओळ: जोडता येत नाही.
माठ समोर, पाणी गार,
पेला तोंडातून आत जात नाही.

याला जुनंच कुलूप उघडता येतं, मी म्हणालो.
तुमच्या राउटरला नवं आहे.
मग जुनं लावा न.
लावलं तर साऱ्या घराला लागेल, बेटा.
तुझ्या आईचा हा डबा, त्याच्यामागची बँक,
सगळं एका कडीवर.
अन् ती कडी आता कोणीही काढतो
तर्री-पोह्याची प्लेट संपायच्या आत.

हे खरंच होतं.
पण त्या राउटरच्या यादीत जुनं कुलूप
मुळात नव्हतंच, हे मी बोललो नाही.
येत नाही म्हणण्यापेक्षा करत नाही म्हणावं,
या धंद्यात एवढं शिकलोय.

श्रेयांक, काकांना पाणी दे, आतून आवाज.
तो पाणी आणेस्तोवर मी सेटिंग उघडलं.
तीन रकाने. दुसरा रिकामा, तिसरा रिकामा.
पहिल्यात कुणाचं तरी घर:
ढोबळे४.

आडनाव, आणि पुढे गल्लीचा नंबर.
नंदनवनची लाइन माझ्याकडे होती
तेव्हा मी अशीच नावं द्यायचो.
खाली पासवर्डचे दहा ठिपके.
चावी म्हणून आम्ही गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबरच टाकायचो,
दहा आकडे, बरोब्बर मावायचे,
कुणी विसरायचं नाही, आणि त्यात काही वावगं आहे
असं तेव्हा कुणालाच वाटायचं नाही.
मला ते घर आठवेना. माणसंही नाहीत.
फक्त ते चार लिहिताना वर उचललेलं बोट,
ते माझंच.

हे पुसायचं का?
तो ग्लास धरून विचारात पडला.
राहू द्या, म्हणाला. दोन खाली आहेत न.

मग मी माझ्या फोनवरून हॉटस्पॉट लावला
आणि कुलूपच काढून टाकलं.
जुन्या माणसाला बिनकुलपाचं दार चालतं.
वीस मिनिटं जिन्यात उभा राहिलो, फोन हातात,
पंचेचाळीस डिग्रीत,
कुणी दुसरा आत शिरत नाही ना ते बघत,
लग्नघरात चपला राखणाऱ्यासारखा.

जोडला गेला. चक्कर फिरलं, फिरत राहिलं,
आणि पडद्यावर आलं: ही सेवा आता बंद झाली आहे.
म्हणजे तिकडच्यांनीही गाशा गुंडाळला होता,
केव्हाचाच.
मी सांत्वनाची दोन वाक्यं जुळवत होतो.
पोरगा म्हणाला, पण आत तर गेला न तो.
आणि खेळ मिटून खिशात टाकला.

खाली गाडीची सीट तव्यासारखी.
पुढची तक्रार गोळीबार चौक.
ॲपमध्ये एकच दाबायचं असतं:
सुटली. सुटली नाही. ग्राहक घरी नव्हता.

बराच वेळ माझं बोट
तिसऱ्यावर होतं.