दुसरी किल्ली

कुलूप बदलायला मला सव्वा तास लागला.
एवढं काही नसतं ते काम. जुनं ओतीव काढायचं,
नवं सिलिंडर बसवायचं, चार स्क्रू.
पण कोर्टाच्या माणसाची सही व्हायची होती
आणि दोना एर्मेलिंदाचा पलंग
पोर्तोतल्या त्या अरुंद जिन्यात अडकला होता.

मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.
तिथे कॅमेलियाचं झाड. दुमजली उंच,
ग्रॅनाइटच्या भिंतीला रेललेलं.
ऑगस्टात फूल नाही, नुसती पानं,
बूटपॉलिश केल्यासारखी.
तार तोडायच्या पकडीनं अकरा डहाळ्या घेतल्या,
ओल्या फडक्यात गुंडाळून
किल्ल्यांच्या पेटीत ठेवल्या.
चोरीच ती. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

घरी झुल्मिरा म्हणाली, न्हाणीघराची खिडकी माझी आहे.
मग म्हणाली, अर्धी घे.
खालची पानं खुडली, वरची दोन निम्मी कापली,
बुडाची साल नखानं जराशी खरवडली.
वाळू, पीट, आणि वर पाण्याच्या बाटल्या
अर्ध्या कापून पालथ्या.
आत धुकं धरलं, नदीवर धरतं तसं.

किल्लीवरून किल्ली मी तीस वर्षं पाडतोय.
दोन मिनिटं घरघर, थोडं घासकाम, झालं.
इथे तसलं यंत्र नाही.
सप्टेंबरात चार काळ्या पडल्या, ऑक्टोबरात पाच.
रोज सकाळी दाढी करताना
उरलेल्या दोघींना चिमटीत धरून हलकंच ओढायचो
आणि स्वतःवरच चिडायचो,
कारण ओढल्यानं मुळं येत नाहीत,
आलेली मात्र तुटतात.
नाताळाच्या आधी एकीनं
उलट ओढलं.

दीड वर्षानं तिला घेऊन गोंदोमारला गेलो,
बसनं, कुंडी मांडीवर.
चौथा मजला, लिफ्ट बंद.
दोना एर्मेलिंदानं मला ओळखलं.
झाडाला त्याआधी ओळखलं:
पान उलटून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं.
"हे रोप नाही," म्हणाली, "हे तेच आहे.
सासूच्या लग्नात लावलेलं."
फूल कधी येईल, विचारलं नाही.
बसा म्हणाली नाही.

आत गेली आणि ती किल्ली घेऊन आली,
बोटाएवढी, गंजलेली,
जी त्या दिवशी बाकीच्यांबरोबर
माझ्या हातात द्यायला हवी होती.
मी काही बोललो नाही. मला तोंड नव्हतं.
तिनं ती कुंडीत उभी खुपसली,
अंगठ्यानं दाबत दाबत दिसेनाशी केली.
"पानं पिवळी पडतात याची," म्हणाली,
"याला लोखंड लागतं."